हरकत असल्यास

सात नंबरच्या बाकावर ती टेकली आणि बाकाखालून आवाज आला, "अहो, जरा पलीकडे सरकता का? माझं बोट अडकलंय."

शनिवारची सकाळ होती. चर्च रिकामं होतं, निदान तिला तरी तसंच वाटलं होतं. उद्याच्या पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन घड्या घालायला ती नेहमीसारखी येऊन बसली होती. ती ताडकन उठली, पत्रकं चहूकडे उडाली, आणि बाकाखालून आधी एक हातोडी, मग भुशाने माखलेले केस आणि शेवटी एक हसरा चेहरा बाहेर आला. कानामागे पेन्सिल, ओठांत दोन खिळे. तिने घाईघाईने माफी मागितली. त्याने खिळे हातात घेतले, बोट झटकलं आणि म्हणाला, "हरकत नाही."

बाकांचं काम चालू होणार हे आपल्याला कुणी कळवलं नाही, अशी तिने तक्रार केली. त्याची त्याला हरकत नव्हती. निम्म्या पत्रकांना भुसा लागला, असं ती जरा घुश्शातच म्हणाली. त्याचीही नव्हती. लोकांना नावं ठेवायची तिला सवय नव्हती, पण घरी पोहोचेपर्यंत या माणसाला तिने एक नाव ठेवून टाकलं होतं. हरकतनाही.

तिलाही एक नाव होतंच. अख्खी मंडळी तिला पत्रकवाली ताई म्हणायची. चर्चच्या कार्यालयात ती सहा वर्षं होती. कुणाचं बाळ झालं, कोण दवाखान्यात आहे, गाण्याचा सराव किती वाजता, कुणाची छत्री चुकून कुणी नेली, सगळं तिच्या हातून टाइप होऊन रविवारच्या पत्रकात यायचं आणि तेच पत्रक हातात धरून पाळकसाहेब पुलपिटावरून वाचायचे. सहा वर्षांत एकही सूचना तिच्याकडून राहिली नव्हती. चूक झाली होती ती एकदाच. 'उपासनेनंतर चहा' याऐवजी 'उपासनेऐवजी चहा' असं छापून गेलं होतं. पुढच्या रविवारी मंडळी जितक्या उत्साहाने आली तितकी पुन्हा कधी आली नाही, असं पाळकसाहेब अजून सांगतात.

बाकांचं काम निघालं ते वार्षिक स्नेहसंमेलनामुळे. मागच्या वर्षी ऐन गाण्यात पुढचा एक बाक चार ज्येष्ठ सभासदांसकट खाली बसला होता. तेव्हा यंदा सगळेच्या सगळे, सेहेचाळीस बाक तपासायचे असं ठरलं आणि नव्या वसाहतीत राहायला आलेल्या या सुताराला बोलावलं गेलं. हातात सहा आठवडे होते.

रोज काम आटोपलं की तो कार्यालयाच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवून जायचा. 'बाक ९ व १० दुरूस्त. ११ ची परिस्थीती गंभीर.' खाली सहीऐवजी तीन अक्षरं, नावाचं, वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचं. पत्रकवालीच्या कपाळावर आठी पडली. तिने लाल पेन्सिलीने दोन्ही शब्द सुधारले आणि चिठ्ठी परत दाराला लावली. दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी. '११ आता ठिक आहे. पाहूण्यांना भेटायला हरकत नाही.' तिने पुन्हा लाल पेन्सिल उचलली आणि या वेळी उचलताना तिला हसू आलं.

"तेच तेच शब्द रोज चुकता तुम्ही," एकदा तिने त्याला गाठून म्हटलं.

"रोज तुम्ही सुधारता ना."

"आणि एखाद्या दिवशी नाही सुधारले तर?"

तो बाकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तर... त्या दिवशी बाकही नीट नाही व्हायचा," तो म्हणाला आणि पॉलिशचा डबा शोधायला निघून गेला. डबा त्याच्या पायाशीच होता.

तिच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. टाइप करताना टेबल डुगडुगायचं, म्हणून पायाखाली जुन्या पत्रकाची घडी असायची आणि ती दिवसातून चारदा निसटायची. टेबल आधी करा की, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं. ते शेवटी करणार, असं तो म्हणाला. का, तर ते झालं की काम संपलं. एवढं बोलून तो पॉलिशपेपरकडे बघत बसला.

घरी ती आणि तिची आत्या अशा दोघीच. आत्या दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची, कारण तिला कमी ऐकू यायचं. पण दिसायचं मात्र भरपूर. "मंडळीतली लहानथोर सगळी तुला ताई म्हणतात," एका संध्याकाळी आत्या म्हणाली. "तो सुतार तेवढा म्हणत नाही. 'अहो' म्हणतो. लक्षात आलंय का तुझ्या?" पत्रकवालीने काहीतरी पुटपुटून विषय बदलला. लक्षात आलं होतं. पहिल्या दिवशी बाकाखालून आलेला पहिला शब्दच तिच्या लक्षात होता.

आणि मग पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी ती चिठ्ठी आली.

पाळकसाहेबांनी स्वतः आणून टेबलावर ठेवली. लग्नाची घोषणा आहे, या रविवारपासून घ्या, असं सांगून ते बैठकीला गेले. लग्नाआधी मंडळीसमोर तीन वेळा घोषणा करायची आणि कुणाची हरकत असल्यास विचारायचं, असा चर्चचा नियम. अशा कितीतरी घोषणा तिने टाइप केल्या होत्या. तिने चिठ्ठी उघडली. अक्षर त्याचं होतं. 'वीवाहाची घोषणा.' वराच्या जागी तीच तीन अक्षरं, पत्ता नव्या वसाहतीतला, वधूच्या जागी परकी तीन अक्षरं, आणि तिसऱ्या घोषणेनंतरच्या शनिवारची तारीख.

तिने लाल पेन्सिल उचलली, खाली ठेवली. टाइप करायला घेतलं. 'वि' एवढं उमटलं आणि टेबल डुगडुगलं. घडी पुन्हा निसटली होती. तिने आणखी एकदा 'वि' उमटवला. टेबल पुन्हा हललं. मग तिने चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घातली, वाकली आणि ती टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. शनिवारी छापायच्या आधी काढू, असं तिने स्वतःला बजावलं. शनिवार आला, पत्रक छापून झालं, घड्या घालून झाल्या. चिठ्ठी तिथेच राहिली.

रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्या सूचना वाचल्या आणि पत्रक मिटलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. तिने मान वळवून पाहिलं. सुतार आपल्या आईशेजारी बसला होता आणि आईच्या पलीकडे निळ्या पोशाखातली एक मुलगी रुमालाने डोळे टिपत होती. तो वाकून तिला काहीतरी समजावत होता. पत्रकवालीला आपला आवडता माणूस दुसरीचा झाला याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते निराळंच. ती मुलगी रडत होती आणि तिला रडवणारी आपण होतो.

"कुणाच्या तरी लग्नाची घोषणा राहिली म्हणे," जेवताना आत्या म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा. बरं नाही का तुला?" तिला घास उतरेना. सोमवारी नऊला पाळकसाहेब आले की सगळं कबूल करायचं, मग नोकरी राहो की जावो, असं तिने ठरवलं.

पण सोमवारी साडेआठलाच दारात सुतार उभा राहिला, हत्यारांची पेटी घेऊन.

"आज टेबल," तो म्हणाला.

"राहू द्या. ते आता हलत नाही."

त्याने दोन बोटांनी टेबलाचा कोपरा दाबून पाहिला. टेबल जागचं हललं नाही. काल अंथरुणाला खिळलेला पेशंट आज फिरायला गेलेला पाहून डॉक्टर जसा बुचकळ्यात पडेल तसा तो पडला. "असं आपोआप नाही होत," असं म्हणत तो खाली वाकला. ती थांबा म्हणेपर्यंत घडी त्याच्या हातात होती आणि टेबल एका बाजूला कललं. तिने घसरणारा चहाचा कप कसाबसा धरला.

त्याने घडी उलगडली. वाचली. "ही इथे... पडली होती का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "मी घातली."

"चुकून?"

"टेबल हलत होतं..." तिने कप खाली ठेवला. "टेबल सहा वर्षं हलतंय. मी मुद्दाम घातली. आत्ता पाळकसाहेबांना सांगणारच आहे. तुमचं लग्न माझ्यामुळे लांबणार नाही, मी—"

"कुणाचं लग्न?"

"तुमचं."

त्याने पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. "हे माझ्या भावाचं आहे," तो सावकाश म्हणाला.

भाऊ जहाजावर नोकरीला होता आणि येत्या शुक्रवारी सुट्टीवर यायचा होता. वडिलांनी दोन्ही मुलांची नावं एकाच अक्षरावरून ठेवली, त्यामुळे या दोघांची पत्रं आयुष्यभर एकमेकांना जात आलेली. भाऊ इथे नाही म्हणून घोषणेची चिठ्ठी याने लिहिली. निळ्या पोशाखातली मुलगी म्हणजे होणारी वहिनी. आणि ती रडली, कारण नवऱ्या मुलाची सुट्टी लग्नानंतर दोनच दिवसांत संपत होती. तारीख हुकली तर पुढची सुट्टी वर्षाने.

पत्रकवालीचा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या भांड्यासकट पुन्हा खाली गेला. एका वर्षाचा विरह तिने एका टेबलाखाली घातला होता. ती जायला निघाली. तो दारात आला.

"एक विचारू? माझं समजून लपवलीत. का?"

तिने खाली पाहिलं. त्याच्या बुटांवर भुसा होता. "माझी... हरकत होती," ती म्हणाली.

तो दारातून बाजूला झाला आणि ती गेल्यावर बराच वेळ कललेल्या टेबलाला धरून उभा राहिला.

तिने पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, टेबलाचं, मुद्दाम केल्याचं. कारण तेवढं गाळलं. पाळकसाहेबांनी माणसं बरीच पाहिली होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे सुतार एका धडधाकट बाकाचे खिळे उगीचच तपासत होता. कारण त्यांनी विचारलं नाही. तुम्ही केलंत ते चूक आहे, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि तिने मान डोलावली. मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढून तिच्यापुढे सरकवलं. 'तीन निरनिराळ्या दिवशी, जाहीर उपासनेत.' ती ओळ तिने दोनदा वाचली. रविवार हा शब्दच नव्हता. बुधवारच्या स्नेहसंमेलनाची सुरुवात उपासनेनेच व्हायची होती. बुधवार एक, पुढचे रविवार दोन. तारीख जागची हलत नव्हती. तिला एकदम रडू आलं, पण ते सुटल्याचं होतं.

"घोषणा तुम्ही वाचायची," पाळकसाहेब म्हणाले. "माझ्याऐवजी. आणि आधी त्या मुलीची माफी मागायची."

ती त्याच संध्याकाळी नव्या वसाहतीत जाऊन आली. निळ्या पोशाखातली मुलगी आधी रागावली, मग तारीख टिकते म्हटल्यावर निवळली, आणि निरोप देताना कानाशी येऊन म्हणाली, "भावजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. बघा काय ते."

बुधवारी पाऊस भुरभुरत होता. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग लागला होता आणि चर्च गच्च भरलं होतं. सेहेचाळीस बाकांपैकी एकही कुरकुरला नाही. ती पुलपिटाशी उभी राहिली. दोन्ही नावं तिने या वेळी पूर्ण वाचली, एकेक अक्षर सुटं. मग शेवटची ओळ. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावे."

इथे जरा थांबायचं असतं. तेवढ्या शांततेत पहिल्या बाकावरून आत्याने शेजारणीला, तिच्या मते हळूच, विचारलं, "आणि आमच्या मुलीचं कधी वाचणार?"

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मंडळी खळखळून हसली. पत्रकवालीचे कान तापले. गर्दीतून तिने पाहिलं तर तो मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

चहाच्या वेळी ती कप घेऊन पोर्चमध्ये आली. तो मागोमाग आला. खिशातून एक घडी काढून त्याने तिच्यापुढे धरली.

"ही टेबलाखाली घालू नका."

तिने उघडली. तेच मोठं अक्षर. 'वीवाहाची घोषणा.' वराची तीन अक्षरं, आणि या वेळी शंकेला जागा नको म्हणून खाली पूर्ण नाव. वधूच्या जागी तिचं. तारखेची जागा कोरी. पावसाचा एक थेंब कागदावर पडला आणि तिने तो पटकन बोटाने टिपला.

"वीवाह," ती म्हणाली. "अजून तसंच."

"शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस दर वर्षी मला मिळायचं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग रोजच्या त्या चुका?"

"बरोबर लिहिलं असतं तर तुमची लाल पेन्सिल कशी लागली असती? भावाच्या चिठ्ठीचीही मी वाट बघत होतो, परत येईल म्हणून... नाही आली. दोन दिवस वाटलं, माझंच काही चुकलं." त्याने मान वर केली. "तारीख तुम्ही घाला. घाई नाही. पण... हरकत आहे का काही?"

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग तिने हात वर करून त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. चिठ्ठी त्याच्याच छातीवर टेकवली, दीर्घ वेलांटी खोडली आणि तिथे ऱ्हस्व काढली, नीट, सावकाश. पेन्सिल होती तिथे परत खोचली.

"आहे," ती म्हणाली. "एवढीच होती."