ब्रेकवरचा पाय

या, बसा. वीज गेलीय, येईल तेव्हा येईल, तोवर हा दिवा पुरे. फाटकाबाहेर तुमची व्हॅन थांबली तेव्हाच आवाजावरून ओळखलं, हिचेही जुने ड्रम ब्रेकच आहेत. वहिनींना आत आणायचं ना. झोपल्यात? बरं, झोपू द्या, प्रवास लांबचा झालाय.

तुम्ही आमचे ब्रेकचे ड्रम बघायला आलात. ते काय, या शेडच्या मागच्या फळीवर ओळीने ठेवलेत. अस्सल आहेत, गाडीबरोबर आलेले. तुमच्यासारखे जुन्या गाड्यांचे शौकीन अधूनमधून येतात, ड्रमवर टिचकी मारून आवाज ऐकतात, माना डोलावतात आणि किती घ्याल विचारतात. मी सगळ्यांना चहा देते आणि नाही म्हणते. तुम्ही मात्र एवढी वाट वाकडी करून आलात, तेव्हा नाही का म्हणते तेही सांगते. नंतर मला खुशाल वेड्यात काढा.

दारातली ती व्हॅन माझ्या बाबांची. आमच्या दोघा भावंडांच्या आधी ती घरात आली, त्यामुळे थोरली तीच, मग दादा, मग मी. तिचे लाडही त्याच क्रमाने व्हायचे. बाबा अंडीवाले. वर माळावरच्या कोंबडीवाल्यांकडून अंडी भरायची आणि हा समोरचा लांबलचक उतार उतरून खाली शहरातल्या दुकानांना पोचवायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. आता तुम्हीच सांगा, मागे छतापर्यंत अंडी, समोर वळणावळणाचा उतार आणि पायाखाली असले ब्रेक. माणूस एक तर वेडा होतो, नाहीतर फार शांत. बाबा शांत झाले.

ते म्हणायचे, "ब्रेक मारायचा नसतो, चिमणे. ब्रेकला विचारायचं असतं." पेडलवर दोनदा हलकेच पाय टेकवायचे, टप टप, आणि मग तिसऱ्यांदा दाबून धरायचे. ड्रम ब्रेकची ही खोड तुम्हाला सांगायला नको, पहिल्या दाबाला पेडल नुसतंच खोल जातं. बाकीचे ड्रायव्हर त्यावरून शिव्या घालतात. बाबांनी त्याची रीत करून टाकली होती. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची. गाडी थांबवताना त्यांचा मोकळा हात आपोआप माझ्यासमोर आडवा यायचा, मी पुढे आपटू नये म्हणून. मी कॉलेजला जायला लागले तरी यायचा. मला लाज वाटायची. आज तो हात पुन्हा एकदा आडवा यावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

आणि तो आवाज! आमच्या फाटकापर्यंत येणारा हा शेवटचा उतार उतरताना ड्रम घूंऽऽ करून घुमायचे. ड्रमच्या आतले लायनर तापल्याचा करपट वास, त्यात अंड्यांखालच्या पेंढ्याचा वास. आई स्वयंपाकघरात असायची. आवाज कानावर पडला की ती चुलीकडे बघून म्हणायची, "आले." आणि चहाचं आधण ठेवायची. आम्हाला घड्याळ कधी लागलंच नाही.

बाबा गेले तेही त्या मोठ्या उतारावरच. अपघात नाही हो. अर्ध्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्यापुरती जागा आहे, तिथे गाडी नीट बाजूला घेऊन लावलेली सापडली. बाबा सीटवर टेकून बसले होते, हात मांडीवर. छातीत कळ आली असणार, हँडब्रेक ओढायलाही वेळ मिळाला नव्हता. नुसत्या पायाने त्यांनी गाडी धरून ठेवली होती. मागे एक अंडं फुटलं नव्हतं.

दादाने आणि ग्रीसकाकांनी मिळून तो पाय उचलला. ग्रीसकाका म्हणजे आमचे मेकॅनिक, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. पाय निघाला तशी गाडी जराशी पुढे सरकली. काकांनी झटकन आत वाकून हँडब्रेक ओढला आणि तिथेच रस्त्यावर बसून रडले.

मग धंदा मी घेतला. दादाला अंड्यांचा वास सोसत नाही, खायला मात्र चालतात. मी व्हॅन चालवायला लागले आणि लक्षात आलं की गाडी मोकळी पळत नाही. कोणीतरी मागून पदर धरावा तशी अडते. काकांनी चारही चाकं उघडली. सगळं ठाकठीक, चाक बोटाने फिरतंय. पण रस्त्यावर काढली की पुन्हा तेच, आणि घरी येऊन हात लावावा तर ड्रम गरम. आई एवढंच म्हणाली, "पाय ठेवलाय त्यांनी."

दादा म्हणाला, "मग बाबांचा पाय पेट्रोल फार पितो."

आम्ही हसलो. आईही हसली. पण पुढच्या सरकारी तपासणीत गाडी नापास झाली. ब्रेक एका बाजूला ओढतात, शिवाय हल्ली पुढची गाडी गपकन थांबते आणि हिला विचारपूस करायलाच वेळ लागतो. तपासनीस स्पष्टच म्हणाला, ड्रम काढून नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक बसवा, नाहीतर भंगारात घाला. भंगारात तर मी तिला घालणार नव्हते. मी डिस्क बसवायचं ठरवलं.

आई दारात उभी होती. म्हणाली, "ड्रमच काढलेस तर ते कशाला धरून राहतील गं?"

भीती मलाही तीच होती. बाबा म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या चार लोखंडी भांड्यांत होतं, आणि ती मीच काढायला निघाले होते.

काकांच्या वर्कशॉपमध्ये गाडी जॅकवर चढली. डिस्क दुसऱ्याच एका गाडीच्या होत्या, त्या इथे बसाव्यात म्हणून काकांनी स्वतः पत्रे कापून, भोकं पाडून तुकडे तयार केले. एकेक ड्रम हातोडीने ठोकून सैल करत काढला. शेवटचा निघाला तेव्हा वर उचललेली गाडी जरा हलली, अंग सैल सोडल्यासारखी. आम्ही दोघांनी पाहिलं.

आणि मग आम्ही घोडचूक केली. काका म्हणाले, "पोरी, पेडलमागचा हा सिलिंडरही बदलायला हवा. हा ड्रमसाठी बनवलेला आहे. पाय काढला तरी पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो. डिस्कला नाही चालत, तिला आवळणारे पॅड घासत राहतात आणि तापतात."

"मग बदला."

"बदलतो. पण नव्याबरोबर पेडलही नवं येईल."

आम्ही दोघं खाली वाकून त्या पेडलकडे बघत राहिलो. त्याचं रबर एका कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं, बाबांच्या बुटाच्या आकाराचं. काकांनी फडक्याने ते पुसलं. ब्रेकचं काम ज्याच्याकडून सगळ्या गावाने शिकावं तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "राहू दे. बघू पुढे." मीही तेवढीच खुळी. लगेच हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी सवयीने टप टप करायला गेले, तर पहिल्या टपलाच गाडी जागच्या जागी खिळली आणि मागे अंड्यांचा चिखल झाला. त्या गाडीत फुटलेली ती पहिली अंडी. पुसताना मला रडू आलं, अंड्यांसाठी नाही. गाडी मोकळी पळतेय असं वाटत होतं. कोणी धरत नव्हतं. फाटकाशी आले तर काही आवाजच नाही, आईला कळलंही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तेव्हा तिने दचकून वर पाहिलं. चुलीवर काही नव्हतं.

काही दिवसांनी आईच म्हणाली, "मला तिथे ने. ते थांबले होते तिथे. आता ते गाडीत नाहीत तर मी बसेन." बाबा गेल्यापासून ती व्हॅनमध्ये बसली नव्हती. संध्याकाळी आईला शेजारी बसवून वर माळावर गेले, मागे अंडी भरली आणि परत निघाले. उन्हं उतरत होती. आई खिडकीबाहेर बघत एकेक आठवण काढत होती. या वळणावर पाऊस लागला होता, या पुलावर तू उलटी केली होतीस. मला फार बरं वाटत होतं.

उतार सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर मला एक तिखट, रासायनिक वास आला. काकांनी सांगितलं होतं तेच. पॅड सतत घासून डिस्क लाल व्हायची वेळ आली होती, आतलं ब्रेक ऑइल उकळलं होतं. पुढचं वळण आलं, मी पाय दाबला, आणि पेडल थेट तळाला जाऊन टेकलं. त्यात काही नव्हतंच.

हँडब्रेक ओढला. उभ्या गाडीपुरता तो ठीक होता, धावत्या गाडीला त्याने काय होणार. गिअर खाली टाकायला गेले तर तो निसटला आणि पुन्हा पडेचना. एक वळण कसंबसं घेतलं. मागे ट्रे घसरल्याचा आवाज आला.

"आई… घट्ट धर."

"काय झालं?"

"ब्रेक… ब्रेक लागत नाहीये गं."

ती ओरडली नाही. माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "विचार ना त्यांना. ते विचारायचे… तसं."

मी त्या रिकाम्या पेडलवर पाय टेकवला. टप. पुन्हा एकदा. टप. तिसऱ्यांदा दाबायला पाय उचलला… आणि तो वरच राहिला. कारण गाडी मंदावत होती.

माझा पाय पेडलवर नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता. तरी गाडी हळू होत होती, कुठेही धक्का न देता, मागच्या अंड्यांना सांभाळत. आणि आवाज आला. घूंऽऽ… ड्रम घुमल्याचा. वास आला, जुन्या लायनरचा, करपट. ज्या गाडीला एकही ड्रम नव्हता, त्या गाडीत.

कडेच्या त्याच जागी येऊन ती उभी राहिली. मी शेजारी बघितलं. आई सीटला पाठ लावून बसली होती आणि छातीच्या जरा पुढे, हवेत, काहीतरी दोन्ही हातांनी धरून होती. म्हणाली, "अहो… हात काढा आता. मी ठीक आहे."

मी हँडब्रेक ओढला. तेव्हा कुठे तो आवाज थांबला.

दुसऱ्याच्या ट्रकमधून आम्ही घरी आलो, तर दादा इथेच, शेडच्या दारात, रिकामी बादली घेऊन उभा. घामाने निथळलेला. म्हणाला, संध्याकाळी शेडमधून धूर यायला लागला. बघतो तर काढून ठेवलेले ड्रम तापून लाल, फळी पेटायच्या बेतात. पाणी ओतलं तर चर्र झालं. बाबांच्या पायावरून त्याने पुन्हा कधी विनोद केला नाही. थांबा, दिवा वर धरते. ड्रमखाली बघा, फळीवर ती काळी वर्तुळं दिसतात? त्या संध्याकाळचीच ती.

काका दुसऱ्या दिवशी आले. न बोलता सिलिंडर बदलला, नवं पेडल लावलं. जुनं त्या खिळ्याला टांगलं, ड्रमच्या बरोबर वर, आणि मला म्हणाले, "हे कुणाला देऊ नकोस." आता ब्रेक उत्तम आहेत. तपासनीसही खूश आहे.

आणि आई? ती आता आवाजाची वाट बघत नाही. संध्याकाळी शेडमध्ये येते आणि ड्रमवर हात ठेवून उभी राहते. मी उताराला लागले की ते कोमट होतात म्हणे. मग ती आत जाऊन आधण ठेवते. मी दारात येते तेव्हा चहा तयार असतो, पूर्वीसारखा. असल्या वस्तूची काय किंमत सांगू तुम्हाला? सांगा बरं.

तुमचा चहा गार झाला. थांबा, आईला… ऐकलंत? आत भांडं वाजलं. ती आधण ठेवतेय.

"आई, चहा झालाय गं पाहुण्यांचा. आणि मी इथेच आहे, गाडी दारात आहे."

"अगं, पण ड्रम तापलेत… मघाशी मागच्या दाराने येऊन हात लावला मी."

तापलेत? कसे तापतील? आमची गाडी तर… जरा हात लावता का? हळू. भाजलं ना? फळीला वास यायला लागलाय.

एक विचारू? तुमची व्हॅन फाटकाबाहेर, उतारावरच लावलीत ना. आत वहिनी झोपल्यात. उतरताना हँडब्रेक ओढला होता का?

आठवत नाही म्हणता…

अहो, पळू नका, अंधार आहे, पडाल. दिवा घेऊन मी येते. दार हळू उघडा आणि आधी हँडब्रेक ओढा. तोवर बाबा पाय काढायचे नाहीत.