थोड्या चिप्स उरलेल्यांसाठी

"पोकरच्या टुर्नामेंटसाठी एखादं चांगलं पुस्तक आहे का?"

श्रीरामपूरच्या आमच्या दुकानात हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. एप्रिलची रणरणती दुपार. मी मान वर केली. तिशीतला उंच तरुण, जरा फिकटच... आणि एवढ्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"पत्त्यांच्या जादूचं आहे," मी म्हटलं. "चालेल?"

"जादू येत असती तर पुस्तक कशाला लागलं असतं?"

तो हसला. मलाही हसू आवरलं नाही.

दुकान बाबांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं, आणि दुपारची मी बसायचे. मोबाईलवर शोधून मी त्याला तीन पुस्तकं दाखवली. एक शक्यतांच्या गणिताचं. एक कुणा विजेत्याच्या गाजलेल्या डावांचं. तिसरं बारीकसं — स्पर्धेत चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, थोड्याच उरल्या तर कसं खेळायचं, एवढ्यापुरतंच.

"तुम्ही कुठलं घ्याल?"

"मला पोकर येत नाही."

"म्हणूनच विचारतोय. ज्यांना येतं ते तिन्ही घ्या म्हणतात."

"विजेत्याचं नको. वाचून नुसता हेवा वाटेल. गणिताचं..."

"गणित येतं मला. पुण्यात इंजिनिअर होतो." 'होतो'वर तो थोडा अडखळला.

"मग हे बारीक घ्या. तशी वेळ कधीतरी सगळ्यांवर येतेच की."

तो माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "मागवा." कागदावर फोन नंबर आणि नाव लिहून दिलं — पार्थ, राहाता.

पुस्तक सोमवारी आलं. मी फोन केला.

"मला आज निघता यायचं नाही, पण आहे तुमच्याच गावात," तो म्हणाला. "आणून द्याल?"

बहाणा चांगला आहे, असं वाटलं मला. आरशात बघून केस नीट केले आणि निघाले. त्यानं दिलेल्या पत्त्यावर पोचले, तर ते डायलिसिस सेंटर होतं.

पार्थ पलंगावर पडून होता. डाव्या हातात दोन जाड सुया, आणि नळ्यांमधून त्याचंच रक्त यंत्रात जाऊन परत येत होतं. मी पुस्तक छातीशी धरून तिथंच उभी राहिले.

"घाबरलात?"

"छे."

"खोटं बोलताना तुम्ही खालचा ओठ चावता. पोकर कधी खेळू नका."

शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती, गोजरबाई. "बस की, बाई," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं झाली. आठवड्यातनं दोनदा हाय हे. म्या किडनी देत हुते, तर डाक्टर म्हन्ले, तुमाला शुगर हाय, जमायचं न्हाई."

पार्थला एकाच हातानं पुस्तक धरून पान उलटता येईना. मी उलटलं... आणि मग उलटतच राहिले. दर सोमवारी, दर गुरुवारी.

तो शिकवायचा. चादरीवर पत्ते मांडायचे. हरेल त्यानं एक खरी गोष्ट सांगायची. मी जवळजवळ नेहमीच हरायचे.

"तुम्ही फक्त खेळ शिकायला येता?"

"हो."

"ओठ!" तो म्हणायचा, आणि माझे कान तापायचे.

पलीकडच्या पलंगावर बन्सीकाका असायचे, पूर्वी ट्रक चालवणारे. ते हळूच सांगायचे, "पोरी, एक्का हाय बरं का त्याच्याकडं!"

जूनमधल्या एका सोमवारी त्यांच्या पलंगावर कोरी चादर घातलेली होती. पार्थनं त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.

"यापुढे येऊ नका," तो छताकडे बघत म्हणाला. "तुमच्या बाबांचा फोन आला होता. बरोबरच बोलले ते. तुमचं सगळं आयुष्य पडलंय अजून."

"आणि तुमचं?"

"माझी गोव्यातली टुर्नामेंट आहे. तेवढी खेळलो की बास."

घरी येऊन मी बाबांवर तुटून पडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दोन वर्षांनी तू कुठं असशील, एवढाच विचार केला मी," ते म्हणाले.

बुधवारी गोजरबाई थेट दुकानात आल्या. "शुक्रवारी गोव्याला चाललोय. तिथं ह्याला काय झालं, तर मला तिथलं बोलनं कळायचं न्हाई. येतीस का संग?"

बाबा पाठमोरे पुस्तकं लावत होते. ते वळले नाहीत.

"येते," मी म्हटलं.

शनिवारी हॉटेलच्या लॉबीत आम्ही दोघी बसून राहिलो. पहिल्या सुट्टीत पार्थ बाहेर आला. "निम्मे खेळाडू बाद झाले. मी आहे!" त्याचे डोळे असे चमकत होते, की तो आजारी आहे हे क्षणभर मी विसरले. दुसऱ्या सुट्टीत म्हणाला, "सत्तावीस उरलेत." पण त्याचे पाय सुजले होते. पाणी त्याला मोजूनच प्यायचं असायचं.

"पाणी किती प्यायलास?" पहिल्यांदाच 'तू' निघून गेलं तोंडातून.

"दोन ग्लास."

मी नुसतं बघितलं.

"...पाच. फार उकडत होतं गं."

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा सुट्टी झाली नव्हती. भिंतीला धरून येत होता.

"चिप्स?" मी वेड्यासारखं विचारलं.

"आहेत टेबलावर... भार्गवी, श्वास घेता येत नाहीये."

नंतरचं सगळं तुटक तुटकच आठवतं. रुग्णवाहिका, तोंडावरचा ऑक्सिजन, पुन्हा त्याच सुया. गोजरबाईंचा माझ्या मनगटावरचा हात. सकाळी डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन बाबांना फोन लावला. "बाबा, मला पार्थशी लग्न करायचंय."

पलीकडे पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग — "त्याला विचारलंस?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगत बसलीस? जा आत."

मी आत गेले. विचारलं. पार्थनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"किती वर्षं मिळतील, मला खरंच माहीत नाही."

"मलाही नाही."

"...रोज भीती वाटेल तुला."

"आत्ताही वाटतेय."

यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. मग त्यानं मोकळा हात माझ्याकडे सरकवला. थंडगार होता.

"आईला तू सांग," तो म्हणाला. "मी सांगितलं तर ती रडेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तरी रडेलच. पण मग तुझ्या गळ्यात पडून."

दार ढकलून गोजरबाई आत आल्या. हातात चहाचे दोन कागदी कप. मी ते त्यांच्या हातातून घेऊन आधी खाली ठेवले.