रूळ मोजायला आलेला

"ताई, जरा पाय उचलता का? फीत खालून न्यायचीय."

"नाही उचलत."

पाऊस भुरभुरत होता. फलाटावरच्या एकुलत्या एक बाकावर ती मांडीत स्टेशनची जुनी रजिस्टरं घेऊन बसली होती. शाळेत ती इतिहास शिकवायची, आणि या स्टेशनचा इतिहास लिहायला घेतला होता तो हट्टानं. रेल्वेच्या वरच्या कार्यालयाला मुख्य मार्गातून निघालेला हा फाटा बंद करायचा होता. गाडीत कुणी बसतच नाही, म्हणे.

फीत धरून वाकलेल्या मोजणीवाल्यानं थेंबांनी भरलेल्या चष्म्यातून वर पाहिलं. "का बरं?"

"तुम्ही मोजताय ते रूळ उपटायला. आणि मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू...?"

"सगळे बाई म्हणतात."

"सगळे म्हणतात ते मी कशाला म्हणू?" असं म्हणून त्यानं बाकाला वळसा घातला नि फीत पलीकडून नेली. तिला हसू आलं – पण तिनं ते रजिस्टरात लपवलं.

तो पंधरा दिवस होता. मोजणी आटोपली की बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायचा. ती वाचून दाखवायची – खाणीतला दगड न्यायला हा फाटा कसा टाकला, खाण बंद पडल्यावर गावानं भांडून प्रवासी डबा कसा मिळवला. मग पुरात रुळांखालचा भराव वाहून गेला. दुरुस्ती होणार नाही, असं वरून कळवलं. गावानं अठरा दिवस डोक्यावरून खडी वाहिली.

"त्यात माझी आई होती," ती म्हणाली. "मी तेव्हा तिच्या पोटात."

तो फीत गुंडाळू लागला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही जन्माआधीपासूनच ऐकत नाही कुणाचं."

फाटा बंद करण्यावरच्या सुनावणीच्या दिवशी शाळेचं सभागृह खच्चून भरलं. वरच्या कार्यालयातून आलेल्या साहेबांनी वाचलं, "रोजचे प्रवासी नऊ." मागच्या रांगेतून मोजणीवाला उभा राहिला. "एकशे चौदा. मी स्वतः मोजलेत, साहेब. माझ्या अहवालातलं ते पान तुम्ही काढलंत."

फाटा वाचला. त्याची मात्र आठवड्याभरात लांबच्या टोकाला बदली झाली.

घरी बाबा, निवृत्त स्टेशनमास्तर, पेपरमागून गुरगुरले, "भला माणूस आहे, मान्य. पण रूळ उपटायला आलेल्याच्या हातात हात द्यायचा नाही."

"हात माझा आहे, बाबा."

निघायच्या सकाळी तो डब्याच्या दारात उभा होता. ती तरातरा आली.

"बदली रद्द होणार नाही, चौकशी केली मी," ती म्हणाली. "लग्न मात्र होऊ शकतं."

त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "आणि... तुमचे बाबा?"

"ते काय, तिकीट खिडकीपाशी उभे आहेत. अजून नाहीच म्हणतायत."

"मग?"

"म्हणू देत. त्या टोकालाही शाळा असतीलच. नसल्या तर काढू."

गार्डानं शिट्टी मारली. ती पदर खोचून डब्यात चढली. "पुढच्या स्टेशनापर्यंत येते. अकरा मिनिटं आहेत. तेवढ्यात काय ते सांगा, मला परत येऊन तास घ्यायचाय."

गाडी हलली. फलाट संपायच्या आतच तो हो म्हणाला. उरलेली दहा मिनिटं दोघंही डब्याच्या दारातच उभी राहिली.