ओल्या पाटीचा वास

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या उतारावरून चक्क हातापायांवर रांगत खाली येत होता. रिमझिम चालू होती, खाली मोझेल नदी धुक्यात बुडालेली, आणि मी द्राक्षवेलीच्या काड्या बदामाच्या आकारात वाकवून खुंटाला बांधत होते. हे काम ओल्या हवेतच करायचं. कोरडी काडी वाकत नाही, मोडते.

"अहो, वेलीला धरू नका!" मी ओरडले.

तोवर त्याचा पाय घसरला. शाळेच्या पाट्या बनतात त्या काळ्या दगडांनी आमचा उतार भरलेला; त्यावर तो तोंडावर आपटला आणि आधाराला धरलेली काडी कडकन मोडून त्याच्या मुठीत आली.

"झालं! केलंत घडांचं वाटोळं!"

"माफ करा... आमच्या हाम्बुर्गला जमीन सपाट असते हो." केसांतून पाणी ठिबकत होतं, तरी हसत होता मेला! "मी एनो. आल्विन यांच्याकडे वाईन चाखायला आलोय."

आल्विन म्हणजे माझे बाबा. आणि ज्या दुकानदाराची आम्ही महिनाभर वाट पाहत होतो, तो हा! या उतारावर यंत्र चालत नाही, सगळं हातानं करावं लागतं, आणि बाबांचे गुडघे आता थकलेत. त्यांनी मला साफ सांगितलं होतं, "कोर्डुला, या माणसानं उतारावरची वाईन घेतली तर ठीक. नाहीतर यंदा वेली उपटायच्या."

आणि मी त्यालाच झापलं होतं...

तळघरात बाबांनी तीन पेले मांडले. कुठल्या पेल्यात कुठल्या मळ्याची वाईन, ते मुद्दाम सांगितलं नाही. एनोनं पहिली तोंडात घोळवली, बादलीत थुंकली. दुसरीचंही तेच. तिसरी ओठांशी नेली, डोळे मिटले – आणि ते उघडेचनात.

"काय हो, झोप लागली का?" बाबांनी टोमणा मारला.

एनोनं पेला तसाच नाकाशी धरून ठेवला. मी ही वाईन लहानपणापासून चाखतेय, पण तिच्यापुढे असं प्रार्थनेला उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्याच अंगावर काटा आला. हे आपण पिकवलं?

"मघाशी माझं नाक पाटीच्या दगडावर आपटलं," तो हळूच म्हणाला. "ओल्या पाटीचा... तोच वास. उतारावरची हीच. नुसत्या दगडांतून असं काही येतं? सगळी पिंपं मी घेतो. पुढच्या वर्षीचीही."

बाबा तडक जिना चढून गेले. रडताना कुणी पाहिलेलं त्यांना चालत नाही.

मला मात्र शंका खाऊ लागली.

"खरं सांग," मी अहोजाहो विसरूनच विचारलं. "पावसात राबताना पाहून माझी दया आली म्हणून घेतलीस?"

"दया? तू झापत होतीस तेव्हा मला माझीच दया येत होती!"

"मग... माझ्याकडे बघून?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तीच तर भीती होती. तुझ्याकडे बघत चाखलं असतं, तर मला नळाचं पाणीही आवडलं असतं. म्हणून डोळे मिटले."

मला हसू आलं, रडूही आलं. इतका आवडला तो मला त्या क्षणी!

"चाखून झालं ना आता?"

"झालं..."

"मग बघ की माझ्याकडे!"