सात नंबरचा बिल्ला

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये शत्रुघ्न कुवेतमध्ये फहाहीलजवळ तेलाची टाकी साफ करायला गेला. दुपारचे बारा वाजले होते आणि दिवे लावावे लागले होते. युद्धात पेटवलेल्या तेलविहिरी अजून जळत होत्या. धुरानं सूर्य गिळला होता.

शत्रुघ्न वेंगुर्ल्याचा फिटर. इथली रीत अशी, की टाकीत उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला बाहेरच्या पाटीवर टांगायचा आणि वर आल्यावर काढायचा. पाटी रिकामी झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. ही रीत घातली चेन नावाच्या म्हाताऱ्या चिनी वेल्डरनं. त्याच्या गावचा सरकारी कारखाना मॅनेजरनं ठेक्यानं घेतला आणि पहिल्याच महिन्यात टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस कमी केला. काटकसर म्हणे! पुढचं, आत राहिलेल्यांचं, चेन सांगत नसे. युद्ध पेटल्यावर तो निर्वासितांबरोबर वाळवंटाकडे गेला, गळ्यात आपला सात नंबरचा बिल्ला घालून. मग त्याची खबर नाही.

त्या दुपारी सहा जण उतरले, सहाही वर आले. प्रत्येकानं आपला बिल्ला काढला. पाटीवर सात नंबर लटकत राहिला. वारा नव्हता, तरी हलत होता.

"लावा झाकण," नवे पुणेकर इंजिनियर प्रताप साहेब म्हणाले. "सहा मोजलेत मी."

"पाटयेर बिल्लो आसा, सायबानू. झाकण लागूचा नाय," शत्रुघ्न म्हणाला.

"पासपोर्ट माझ्याकडे आहेत. उद्याच्या विमानानं घरी पाठवीन."

"जातलंव. घराक तोंड दाखवूक लाज वाटाची नाय."

सहाही जण मॅनहोलभोवती मांडी घालून बसले. आतून पोलादावर आवाज आला. टक... टक... पण मांडी मोडली नाही एकानंही.

"रिकामी आहे. दाखवतोच," म्हणत साहेब बॅटरी घेऊन निघाले.

"आदी बिल्लो."

साहेबांकडे बिल्ला कुठला? शत्रुघ्ननं स्वतःचा टांगला आणि त्यांच्या कमरेला दोर बांधला.

बऱ्याच वेळानं साहेब वर आले. बाहेर पाय टेकताच वळले, भोकात हात घातला आणि भरलेली घागर ओढावी तसे मागे रेलले. पुन्हा एकदा तसेच. कोणी दिसलं नाही.

"दोघे आले..." ते पुटपुटले. "आत अजून खूप आहेत... त्यांना बिल्लेच दिले नव्हते कुणी."

शत्रुघ्ननं बाही वर सारली आणि अंधारात हात घातला. मागून पाच जणांनी त्याची कंबर धरली.

हाताला वजन आलं.