दोन स्विचमधली लाल वायर

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्याची पाठ धरली, तेव्हा त्याने मान वर करून आकाशाकडे बघितलं आणि घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, लहानसं. सांगाडा, पत्रा, रिबिटा सगळं त्याने स्वतः केलं. इग्निशनच्या वायरिंगला मात्र मला बोलावलं, कारण मी लिफ्टची पॅनेल जोडते आणि माझ्या लिफ्टमध्ये आजवर कोणी अडकलेलं नाही.

पहिल्याच रविवारी आमचं वाजलं.

जुन्या विमानांत ठिणगी इंजिनच तयार करतं. बॅटरी मेली तरी ते चालत राहतं. याचं इग्निशन इलेक्ट्रॉनिक होतं. बॅटरीचा करंट नाही तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर हवेत नुसता पत्रा. म्हणून त्यात इग्निशनचे दोन संच असतात. माझं म्हणणं एवढंच होतं की दोन संचांना दोन स्विच, दोन वेगळ्या वायरी, दोन वेगळ्या बॅटऱ्या. एक दगा देईल तर दुसरा खाली आणून सोडेल. भावाला गाडीसारखी एकच किल्ली हवी होती.

"पॅनेल सुटसुटीत दिसतं, ताई."

"तुझं प्रेतही सुटसुटीतच दिसेल."

त्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. मी दोन खटके बसवले, दोन वायरी एकमेकींना शिवणारसुद्धा नाहीत अशा ओढल्या आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी पॅनेल उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या बॅटरीची वायर कापून टेप गुंडाळून ठेवली होती. दोन स्विचच्या मधे लाल वायरचा एक वीतभर तुकडा टाकून दोघांना एकाच बॅटरीवर आणलं होतं. काम सफाईदार होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

"हे करायचं होतं तर मला कशाला बोलावलंस?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही," भाऊ म्हणाला.

"मग काय विमानाने स्वतःच केलं?"

मी तुकडा कापून फेकला आणि वायर पुन्हा ओढली. पुढच्या रविवारी तुकडा जागेवर. मी शेडला नवं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. तरी तुकडा जागेवर. भाऊ शपथा घ्यायला लागला. लहानपणी खोटं बोलताना घ्यायचा, तशाच.

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. तिला हे विमान पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होतं. गेले काही दिवस तर ती आम्हा दोघांशी तोडूनच बोलत होती. मी मागचापुढचा विचार केला नाही.

"उडू द्यायचं नसेल तर तोंडाने सांग. वायरी कसल्या कापतेस? नवऱ्याला मारायची एवढी घाई झाली आहे?"

तिने चहा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, भावाकडे बघितलं. त्याने मान खाली घालून कप उचलला. त्याच दिवशी ती बॅग भरून माहेरी गेली, दुसऱ्या गावी.

पुढच्या रविवारी शेडमध्ये आम्ही दोघंच. पॅनेल भावाने उघडलं. लाल तुकडा होताच.

आता मी बोट दाखवावं असं कोणी उरलं नव्हतं. त्याच्यासाठी मी होते.

"ताई, इकडे ये." त्याने दात बघायचा आरसा स्विचच्या मागे धरला होता. "वायरच्या टोकाला दाब दिलाय, तिथे आडवी रेघ आहे. दिसते?"

दिसली. माझ्या पक्कडीच्या जबड्याला एक टवका गेलेला आहे. ती जे जे दाबते त्याच्यावर तशीच आडवी रेघ उठते. ती पक्कड मी कोणाला देत नाही.

"बोल ना. माझी बायको तुझ्यामुळे गेली. आता बोल."

मी पक्कड त्याच्या पायाशी आपटली. तो ओरडला, मी ओरडले. आई गेली तेव्हा कोण कुठे होतं इथपर्यंत आम्ही पोचलो. शेवटी मीच म्हटलं, बसू इथेच. समोर. बघू कोण करतं.

दोन्ही बॅटऱ्या काढून मी टेबलावर ठेवल्या. दोन्ही खटके खाली, बंद होते. टाकीत पेट्रोल कधी भरलंच नव्हतं. लख्ख दुपार होती, शेडचं दार सताड उघडं. आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो, एकमेकांकडे न बघता, डोळे विमानावर.

बराच वेळ काही झालं नाही. पत्रा उन्हाने कुरकुरत होता.

मग खटक्याचा आवाज आला.

एक वर गेला होता. आमच्या बघता बघता दुसराही गेला.

प्रोपेलर हलला. एक पातं खाली आलं, थांबलं. मग सगळं एकदम फिरायला लागलं आणि शेड आवाजाने भरून गेली.

भाऊ बॅटऱ्यांकडे बघत होता. त्या टेबलावरच होत्या.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मी बाजूने आत वाकले आणि पॅनेलमागच्या वायरी मुठीत धरून ओढल्या, स्विचसकट. बोटं फाटली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

भावाने कापूस आणून माझी बोटं बांधली. मग त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

"चुकले मी," मी भावजयीला म्हटलं. "ते तू केलं नव्हतंस."

"मला ठाऊक आहे मी केलं नव्हतं," ती म्हणाली. "पण ताई, मला लपवून उडवायची काय गरज होती? मी तिथे असताना विमान रोज दुपारी घरावरून जायचं. मी शेडचं दार बघून यायचे, कुलूप असायचं. वाटलं, दोघं मिळून मला मूर्ख बनवताय."

"कोणी उडवलेलं नाही गं."

"मग इथे माहेरी कोण येतं?"

मी टेबलावरच्या बॅटऱ्यांकडे बघितलं.

"आत्तासुद्धा येऊन गेलं. मधेच आवाज बंद पडला त्याचा. इतकं खाली असतं की आत बसलेली दोघं दिसतात. तुम्हीच ना?"

मी फोन भावाकडे दिला. तो बोलत बोलत अंगणात गेला.

मी इंजिनावर हात टेकवला. एवढासा वेळ चाललेलं इंजिन कोमट असतं. हे चटका देत होतं.

पंख अजून जोडलेलेच नव्हते. ते मागच्या भिंतीला, चादरी घालून, पहिल्या दिवसापासून टांगलेले होते. मी जाऊन एकावरची चादर ओढली. पंखाच्या पुढच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, किडे चिरडून चिकटले होते.

त्यातल्या एकाचा पाय अजून हलत होता.