उत्तरेची रांग

आमच्या प्रार्थनाघरात स्तोत्र दोन रांगांनी म्हणायचं. दक्षिणेच्या भिंतीकडून अर्धा चरण, उत्तरेकडून उरलेला. आम्ही आठजणी होतो, सगळ्या ख्रिस्ताच्या व्रतस्थ कुमारिका. वसंतात मोबेदाच्या, अग्निमंदिराच्या मुख्य पुजाऱ्याच्या, शिपायांनी सहाजणींना नेलं. आमच्या कर्ख्या गावात मी उरले, आणि तापाने अंथरुणाला खिळलेली देनग.

व्रत मोडायचं नाही, म्हणून रोज उजाडता मी एकटी उभी राहायचे. माझा अर्धा चरण म्हणायचा, समोरचा होईल इतकं थांबायचं, मग पुढचा.

नवव्या दिवशी समोरून उत्तर आलं. प्रतिध्वनी नव्हे, प्रतिध्वनी म्हटलेलंच परत म्हणतो. इथे पुढचे शब्द आले. आवाज मोजले, सहा. भिंतीपाशी नुसती वेताची चटई. मी घाबरले नाही. मला सोबत झाली.

महिन्याने उंटवाल्याने सांगितलं, इराणच्या शहेनशहाच्या तळावर सहाहीजणींना मारलं. दिवस विचारला. तोच, नववा.

देनगला मात्र काही ऐकू येत नसे. "ताई, मध्येच गप्प का बसता? विसरायला लागलात!"

"तू आधी पेज संपव."

ती बरी झाली आणि तिचा मामा आला, गुश्नस्प. अग्निपूजक, पण मायेचा. मोबेदाचा हुकूम होता: देनग लग्न करील तर सुटेल, नाहीतर दुपारी शिपाई येतील.

"मुलगा चांगला आहे, खजुराची बाग आहे," मामा म्हणाला. "तुझा देव तू मनात ठेव."

"आणि नवऱ्याला कुठे ठेवू?"

मामा पोट धरून हसला. मी म्हणाले, "जा बाळ. जगायचं. तुझं व्रत मी सांभाळीन."

खेचरावर जीन चढेपर्यंत मी सकाळचं स्तोत्र धरलं. अर्धा चरण. थांबले.

उत्तर आलं. मोजलं.

सात.

अंगणात देनग हसत होती.

मी धावत दारात गेले, तिचा हात धरला. दुसरा मामाच्या हातात होता. "चल पोरी, ऊन चढेल."

देनग जागीच थबकली.

"अगंबाई, ताई! आत कोण गातंय?" डोळे मिटून तिने कान दिला. एकेक नाव पुटपुटत गेली, सहा नावं. सगळी बरोबर.

मग कपाळाला आठी.

"सातवी कोण हो? ओळखू येत नाही. गळा गोड आहे."

स्वतःचा आवाज कुणाला ओळखू येतो?

"नवी आहे," मी म्हणाले.